प्राध्यापक कोसंबी आणि पदवीचा वर्ग

शहापूरहून डोळखांबकडे निघालेला रस्ता सह्याद्रीच्या उभ्या भिंतीच्या दिशेने जातो. पुढे आजोबाचा डोंगर आडवा येतो. वाल्मीकींचा आश्रम आणि लव-कुशांचे बालपण लोकश्रद्धेने याच डोंगराशी जोडले आहे. शेजारच्या मुरबाड तालुक्यात वैशाखऱ्याजवळून नाणेघाटाची वाट चढते. दोन हजार वर्षांपूर्वी कोकणच्या बंदरांतला माल याच वाटेने जुन्नरच्या बाजारपेठेत जात असे. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा म्हणून ओळखला जाणारा शिलालेख आहे. यज्ञप्रसंगी दान दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापण नावाची नाणी यांची संख्या त्यात आकड्यांनी नोंदलेली आहे. आपण आज लिहितो त्या अंकांचे फार जुने पूर्वज या लेखात पाहावयास मिळतात. इतिहास, गणित, अर्थव्यवहार आणि लोकदैवते अशी अभ्यासाची चार दालने या एका डोंगररांगेत उघडी आहेत.

डोळखांब, किन्हवली, टोकावडे या पट्ट्यातून पदवीच्या वर्गापर्यंत पोचणाऱ्या विद्यार्थ्याच्या अभ्यासात मात्र यातले फारसे काही डोकावत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जो आराखडा दिला, त्यात पदवीचे चौथे वर्ष संशोधनासह पुरे करण्याची सोय आहे. पहिल्या सहा सत्रांत किमान ७५ टक्के गुण मिळविणाऱ्यास ती घेता येते. सोय चांगली आहे. परंतु संशोधन पदवीच्या वर्गात येते म्हणजे नेमके काय होते, ते कोणी आणावयाचे, आणि आणू पाहणाऱ्याच्या वाट्याला काय येते, हे प्रश्न आराखड्याने सुटत नाहीत. नाणेघाटाच्या लेखात ज्यांचा हिशेब आहे त्या जातीची कार्षापणे तराजूत घालून ज्यांनी इतिहासाला बोलते केले, त्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या आयुष्याचा मोठा भाग याच प्रश्नांशी झुंजण्यात गेला. म्हणून आज त्या आयुष्याकडे पुन्हा वळणे अगत्याचे आहे.

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद कोसंबी हे बौद्ध विद्येच्या ओढीने घर सोडून नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश हिंडलेले पंडित. १९१२ पासून सहा वर्षे त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली आणि त्यांच्या वर्गातून पालीच्या अध्यापकांची एक पिढी निघाली. स्वतः अभ्यास करणारा शिक्षक अभ्यासक निर्माण करतो, याचे पहिले उदाहरण दामोदररावांनी असे घरातच पाहिले. १९१८ साली धर्मानंद हार्वर्ड विद्यापीठातील ग्रंथसंपादनासाठी पुन्हा अमेरिकेस गेले, तेव्हा मुलाला त्यांनी बरोबर नेले. त्याचे बरेचसे शालेय शिक्षण तेथेच झाले आणि १९२९ साली हार्वर्डची पदवी त्याने उच्च सन्मानासह मिळविली. गणित हा मुख्य विषय असला तरी भाषा आणि इतिहास यांचीही गोडी त्याला लागली होती. जे संशोधन करीत त्यांच्याच तोंडून पदवीच्या विद्यार्थ्याला विषय ऐकावयास मिळावा, ही तेथील रीत होती. बावीस वर्षांचे कोसंबी त्याच वर्षी मायदेशी परतले आणि बनारस हिंदू विद्यापीठात गणित शिकवू लागले, तेव्हा हा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

अलीगढचा अल्पायुषी प्रयोग

दोन वर्षांनी, १९३१ मध्ये, ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठात गेले. तेथे गणित विभागाची सूत्रे आंद्रे वेइल या तरुण फ्रेंच गणितज्ञाच्या हाती होती. कुलगुरू सर रॉस मसूद यांनी त्यांना १९३० साली बोलावून घेतले, तेव्हा त्यांचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते. विसाव्या शतकातील थोर गणितज्ञांत पुढे त्यांची गणना व्हावयाची होती. पण अलीगढमध्ये त्यांच्यापुढे प्रश्न होता तो विभाग सुधारण्याचा. पाठ करून उत्तरपत्रिकेत उतरविलेले गणित म्हणजे गणित नव्हे, आणि ज्या शिक्षकाने स्वतः एकही नवा प्रश्न सोडविलेला नाही तो विद्यार्थ्याला प्रश्नाचा आस्वाद देऊ शकत नाही, अशी त्यांची धारणा होती. भारतीय विद्यापीठांतील गणिताच्या अध्यापनावर त्यांनी निबंधही लिहिला. विभागात त्यांनी हार्डी यांचे शिष्य टी. विजयराघवन यांना आणले आणि नंतर कोसंबींना. तिघेही पंचविशीच्या आसपासचे, तिघेही संशोधनात बुडालेले आणि तिघांनाही वर्गात शिकवावयाचे होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मुंबई विद्यापीठासारखी संलग्न महाविद्यालयांची विद्यापीठे १८५७ पासून मुख्यतः परीक्षा घेणारी मंडळे म्हणून वाढली. अभ्यासक्रम एकाने ठरवावा, दुसऱ्याने शिकवावा आणि तिसऱ्याने तपासावा, अशी त्यांची घडण. अलीगढ हे निवासी विद्यापीठ होते. तेथे शिकविणाऱ्यालाच काय शिकवावयाचे ते ठरविण्यास बराच वाव होता. त्यामुळे तीन अध्यापकांनी एकत्र बसून पदवीच्या गणिताची मांडणी बदलावी, हे तेथे शक्य कोटीतले होते.

ते घडले नाही. विद्यापीठातील अंतर्गत राजकारण आणि वेइल यांचा तडजोड न करणारा स्वभाव यांची गाठ पडून १९३२ च्या सुमारास त्यांना अलीगढ सोडावे लागले. विजयराघवन ढाक्यास गेले. वर्षभरात कोसंबीही बाहेर पडले. इतक्या गुणी अध्यापकांचा असा संच एका भारतीय गणित विभागात क्वचितच जुळला असेल, आणि तो इतक्या लवकर विखुरला.

या अल्पकाळाची एक खूण मात्र गणिताच्या इतिहासात राहून गेली. १९३१ साली कोसंबींनी एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. वेइल यांच्या सूचनेवरून त्यात बूरबाकी नावाच्या, कधीच अस्तित्वात नसलेल्या गणितज्ञाच्या प्रमेयाचा गंभीर चेहऱ्याने हवाला दिला होता. एका सहकाऱ्याची फिरकी घेण्यापुरताच तो विनोद होता. परंतु फ्रान्सला परतल्यावर वेइल आणि आंरी कार्तां हे दोघे स्ट्रासबूर्गच्या विद्यापीठात कलनशास्त्राचा पदवीचा वर्ग घेऊ लागले, तेव्हा जुन्या पाठ्यपुस्तकांतील मांडणी त्यांना सतत खटकू लागली. रोज एकमेकांना शंका विचारण्यापेक्षा समविचारी अध्यापकांनी एकत्र येऊन नवे पुस्तकच लिहावे, असे ठरले. १९३४ च्या डिसेंबरात पॅरिसमधील एका उपाहारगृहात त्यांची पहिली बैठक झाली आणि सामूहिक लेखनासाठी या मंडळींनी जे टोपणनाव घेतले ते बूरबाकी. विसाव्या शतकातील गणिताला वळण देणारी ग्रंथमाला अशा रीतीने पदवीच्या वर्गातील अडचणीतून जन्मास आली. पुढे ती इतकी अमूर्त आणि विस्तृत झाली की, ज्या विद्यार्थ्यासाठी घाट घातला तोच तिच्यापासून दूर राहिला, हा भाग वेगळा. तरीही अध्यापकांनी वर्षानुवर्षे एकत्र बसून, परस्परांचे लेखन निर्दयपणे खोडून, विषय नव्याने उभा करावा, याचा तो वस्तुपाठ ठरला. फ्रान्समध्ये त्या गटाला टिकता आले, अलीगढच्या गटाला दोन वर्षेही मिळाली नाहीत.

फर्ग्युसनमधील बारा वर्षे

१९३३ साली कोसंबी फर्ग्युसन महाविद्यालयात आले. वडिलांनी पाली शिकविलेल्या त्याच वास्तूत ते आता गणित शिकवू लागले. येथे अभ्यासक्रम त्यांच्या हातात नव्हता; तो मुंबई विद्यापीठाकडून येई. कोसंबींचे अध्यापन ज्यांना झेपले त्यांना ते जन्मभर पुरले. ज्यांना परीक्षेपुरते गणित हवे होते त्यांना ते जड गेले. विद्यार्थ्याच्या कुवतीपर्यंत खाली उतरण्यापेक्षा त्याला वर ओढावे, असा त्यांचा खाक्या होता आणि त्यात संयम कमी होता. हा दोष त्यांच्या पदरात घातलाच पाहिजे.

परंतु या बारा वर्षांत एका पदवी महाविद्यालयातील अध्यापकाने जे काम केले, ते पाहिले की मन थक्क होते. अवकाशांच्या भूमितीवरील त्यांचे १९३३ चे काम एली कार्तां आणि चेर्न या थोर गणितज्ञांच्या नावांशी जोडले गेले. १९३४ साली त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले. १९४३ साली संख्याशास्त्रावर त्यांनी लिहिलेल्या निबंधातील कल्पना कारहुनेन आणि लोएव्ह यांनी पुढे स्वतंत्रपणे मांडली. आज संकेत आणि प्रतिमा यांच्या संस्करणात ती सर्रास वापरली जाते. १९४४ साली त्यांनी गुणसूत्रावरील जनुकांमधले अंतर काढण्याचे सूत्र दिले. पिकांच्या आनुवंशिकतेचा अभ्यास करणारे जगभरचे संशोधक ते आजही कोसंबींच्या नावाने ओळखतात. यांतले कोणतेही काम मोठ्या प्रयोगशाळेत झालेले नाही. तासिका घेणाऱ्या आणि उत्तरपत्रिका तपासणाऱ्या माणसाने ते केले.

याच काळात त्यांच्या हाती आली ती नाणी. संख्याशास्त्र नीट समजावे म्हणून त्यांना एखादा प्रत्यक्ष प्रश्न हवा होता. प्राचीन भारतातील ठसे मारलेल्या चांदीच्या कार्षापणांवर राजाचे नाव नसते, सालही नसते. मग त्यांचा क्रम कसा लावावयाचा? कोसंबींनी विचार केला तो असा: नाणे हातोहात फिरते तेव्हा प्रत्येक वेळी अत्यल्प झिजते. अधिक काळ चलनात राहिलेल्या नाण्यांचे सरासरी वजन घटते आणि त्यांच्या वजनांतील परस्पर तफावत वाढते. तेव्हा एकाच साठ्यातील नाणी अचूक तोलली, तर कोणता गट जुना आणि कोणता नवा ते ठरविता येईल. हा नियम खरा की नाही हे पाहण्यासाठी त्यांनी आपल्या काळातील चालू नाणी मोठ्या संख्येने तोलून पाहिली. नियम उतरला. मग तक्षशिलेच्या साठ्यातील नाण्यांना तो लावून त्यांनी प्राचीन राजवटींच्या क्रमाचा विचार केला. त्यांचे सर्व निष्कर्ष नाणकशास्त्रज्ञांनी स्वीकारले असे नाही. परंतु त्यांची रीत इतकी स्वच्छ होती की पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही ती समजू शकेल आणि स्वतः पडताळू शकेल.

नाण्यांवरून ते ती पाडणाऱ्या राजांकडे, राजांवरून ग्रंथांकडे आणि ग्रंथांवरून संस्कृतकडे वळले. भांडारकर संस्थेत विष्णु सीताराम सुकथनकर यांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची जी शिस्त घालून दिली होती, ती त्यांच्यासमोर होती. भर्तृहरीच्या नावावरील सुभाषितांची शेकडो हस्तलिखिते पडताळून त्यांनी १९४८ साली चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. पुढे फर्ग्युसनमधीलच संस्कृत व बौद्ध विद्येचे अभ्यासक प्रा. वासुदेव विश्वनाथ गोखले यांच्यासमवेत त्यांनी विद्याकराचा सुभाषितरत्नकोश संपादित केला आणि हार्वर्डच्या ग्रंथमालेत तो १९५७ साली प्रकाशित झाला. एक गणिताचा अध्यापक, दुसरा बौद्ध विद्येचा. दोघांच्या विभागांमधली भिंत त्यांनी मानली नाही. आजच्या परिभाषेत ज्याला आंतरविद्याशाखीय सहकार्य म्हणतात ते फर्ग्युसनच्या आवारात कोणत्याही आदेशावाचून घडले होते.

वर्ग सुटला

१९४५ साली कोसंबींची फर्ग्युसनमधील नोकरी संपली. परीक्षेच्या निकालावर उभी असलेली व्यवस्था आणि प्रश्न विचारण्यावर उभा असलेला अध्यापक यांचे जमणे कठीणच होते. होमी भाभा यांनी नुकत्याच स्थापन झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांना गणिताचे प्राध्यापक म्हणून बोलावले. पुण्यात राहून डेक्कन क्वीनने मुंबईस जाण्याचा त्यांचा क्रम सुरू झाला तो तेव्हापासून.

कोसंबींना तेथे संशोधनाला वेळ मिळाला, पण पदवीचा वर्ग त्यांच्या आयुष्यातून गेला. हा केवळ एका माणसाचा बदल नव्हता. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर देशाने उत्तम संशोधकांसाठी वेगळ्या संस्था उभारण्याचा मार्ग पत्करला. त्या संस्थांनी मोठे काम केले यात शंका नाही. परंतु संशोधन संस्थांत आणि शिकवणे महाविद्यालयांत, अशी फाळणी त्याबरोबर पक्की झाली. मेघनाद साहांसारख्या शास्त्रज्ञाने विद्यापीठे दुबळी होतील असा इशारा दिला होता. ही चूक उमगून पुण्यात पदवीपासूनच संशोधनाची जोड देणारी राष्ट्रीय संस्था निघाली ती २००६ साली, आणि मुंबई विद्यापीठाच्या आवारात अणुऊर्जा विभागाच्या साह्याने तसे केंद्र उभे राहिले ते २००७ साली. टाटा संस्थेतील शास्त्रज्ञ तेथे पदवीच्या मुलांसमोर फळ्यापाशी उभे राहिले. मधल्या साठ वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पिढ्यांना मात्र ते भाग्य लाभले नाही.

वर्ग नसला तरी कोसंबींमधील शिक्षक स्वस्थ बसला नाही. पुण्याच्या परिसरातील टेकड्या, जुन्नर, कार्ले, घाटवाटा त्यांनी पायी तुडविल्या. शेंदूर माखलेल्या तांदळ्यांची स्थाने, गारगोटीची चिमुकली पाषाण-हत्यारे आणि व्यापारी मार्गांवरील लेणी यांचा मेळ ते नकाशावर घालीत. फासेपारध्यांच्या तळावर जाऊन त्यांचे विधी आणि भाषा ते टिपीत. ग्रंथात जे सापडत नाही ते शेताच्या बांधावर सापडते, हे त्यांनी १९५६ च्या भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरील ग्रंथात आणि १९६२ च्या दंतकथा व वास्तव यांवरील ग्रंथात दाखवून दिले. त्यांच्या मार्क्सवादी निष्कर्षांशी पुष्कळांचे मतभेद झाले आणि आजही होतात. परंतु राजवंशांच्या यादीऐवजी लोक काय पिकवीत होते, कोणत्या वाटेने जात होते आणि कशाला नमस्कार करीत होते हे विचारण्याची सवय भारतीय इतिहासलेखनाला लागली, त्याचे फार मोठे श्रेय या गणिताच्या प्राध्यापकाला जाते.

शेवटची वर्षे सुखाची नव्हती. गणितातील एका अतिप्रसिद्ध अनिर्णित प्रश्नाची उकल सापडल्याचा दावा त्यांनी केला; तो टिकला नाही आणि त्यांच्या प्रतिष्ठेला धक्का बसला. १९६२ साली टाटा संस्थेशी असलेला त्यांचा करार वाढविण्यात आला नाही. १९६४ साली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना मानद स्वरूपाचे पद दिले आणि पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेत ते काम करू लागले. २९ जून १९६६ रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, झोपेतच त्यांचा अंत झाला.

चौथ्या वर्षाचा अर्थ

या आयुष्यातून पदवीच्या वर्गासाठी काय घ्यावयाचे? अभ्यासक्रमात आणखी एक प्रश्नपत्रिका वाढविल्याने संशोधन येत नाही. तसे केल्यास रेक्झिनच्या वेष्टणातील, एकमेकांवरून उतरविलेल्या प्रकल्पवह्यांचे गठ्ठे तेवढे वाढतील. बूरबाकीच्या ग्रंथांप्रमाणे ज्ञानाचे शिखर उचलून वर्गात आणून ठेवल्यानेही ते येत नाही. संशोधन येते ते पद्धतीच्या रूपाने: एक साधा प्रश्न, एक तराजू, पुरेशी मोजमापे आणि आपले अनुमान चुकले तर ते मान्य करण्याची तयारी. कार्षापणांचा प्रयोग शहापूर किंवा मुरबाडच्या महाविद्यालयात आजच्या पाच रुपयांच्या नाण्यांवर करता येईल. त्यांवर साल छापलेले असते, म्हणून उत्तर पडताळताही येईल. रसायनशास्त्राचा तराजू, संख्याशास्त्राचा अध्यापक आणि इतिहासाचा अध्यापक एवढे त्यासाठी पुरेत. अट इतकीच, की त्या तिघांनी एकत्र बसले पाहिजे.

त्याच तालुक्यात याहून निकडीचे प्रश्नही आहेत. तानसा, वैतरणा आणि भातसा यांचे पाणी मुंबईला पोचविणाऱ्या शहापूर तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. कोणत्या विहिरीचे पाणी कोणत्या आठवड्यात तळ गाठते, याची सलग तीन वर्षांची नोंद पदवीच्या मुलांनी ठेवली, तर ती ज्ञानात भर असेल आणि गावाच्या उपयोगीही पडेल. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांच्या वाड्यांतील रानभाज्या, देवस्थाने आणि जुन्या घाटवाटा यांचा अभ्यास करणाऱ्यास दूरच्या ग्रंथालयाची वाट पाहण्याचे कारण नाही. या घरांतून आलेली मुलेच वर्गात बसलेली आहेत. जे त्यांना ठाऊक आहे ते प्राध्यापकाला ठाऊक नाही, ही या वर्गाची उणीव नसून त्याचे भांडवल आहे.

मात्र कोसंबींच्या आयुष्याचा दुसरा अर्धा धडाही विसरता कामा नये. अलीगढचा संच दोन वर्षांत मोडला आणि फर्ग्युसनने बारा वर्षांनी त्यांना जाऊ दिले. गुणवंत अध्यापक भेटणे जितके दुर्मीळ, तितकेच त्यांना एकत्र टिकवून धरणाऱ्या संस्था दुर्मीळ. तासिकांच्या ओझ्याखाली दबलेल्या, रिकाम्या जागांवर तात्पुरत्या नेमणुकीने आलेल्या अध्यापकाकडून चौथ्या वर्षाच्या संशोधनाची अपेक्षा करावयाची असेल, तर त्याला वेळ, स्थैर्य आणि सहकाऱ्यांसोबत अभ्यासक्रमात बदल करण्याचा थोडा अधिकार द्यावा लागेल. याची तजवीज केल्यावाचून काढलेले परिपत्रक म्हणजे विहीर न खणता लावलेला रहाट होय.

नाणेघाटाच्या माथ्यावर आजही एक दगडी रांजण उभा आहे. ये-जा करणाऱ्यांकडून घेतलेली जकात त्यात साठवीत, असे लोक सांगतात. ते खरे की नंतर जुळलेली कथा, हा प्रश्न घेऊन डोळखांबच्या परिसरातील एखादी विद्यार्थिनी आपल्या गणिताच्या आणि इतिहासाच्या अशा दोन्ही प्राध्यापकांसह ती वाट चढू लागेल, त्या दिवशी पदवीच्या वर्गात संशोधन आले असे खुशाल समजावे.